सल्ला हवा: एमजीबीचे जुने लिव्हर शॉक ठेवू की टेलिस्कोपिक घालू?

खाजनकाठ:
मंडळी, नमस्कार. गाडी १९६६ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघडी, दोन सीटची. राहायला गोव्यात साळगावला. पावसाळ्यात गाडी तशीही आतच असते, तेवढ्यात शॉकचं काम उरकून घ्यायचं म्हणतोय. पावसानंतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची, आणि जमलं तर पुढे जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची इच्छा आहे.

तक्रार अशी: वळणात मध्येच उंचवटा आला की मागची बाजू उडते आणि बाहेर सरकते. जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं. बंद आवारात सलग पळवली की थोड्या वेळाने गाडी डुलायला लागते, थंड झाली की पुन्हा ठीक. चारही शॉक मूळ आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हरवाले (बाहेर हलणारा दांडा, आत तेल), स्प्रिंगही मूळ. एक मित्र म्हणतो, इंग्लंडहून चारही चाकांचं टेलिस्कोपिक शॉकचं (सरळ नळीत दांडा आत-बाहेर सरकतो ते) किटच मागव. भाडं आणि कस्टम धरून आकडा मोठा होतो, म्हणून एकदाच काय ते नीट करायचं आहे.

डांबरकिडा:
कोनी कंपनीचे घ्या. डोळे झाकून.

मांडवीपार:
डोळे झाकून काही नको हो. खाजनकाठबाब, पैसे काढण्याआधी गाडी जॅकवर घ्या.

एमजीबीचा पुढचा लिव्हर शॉक हा नुसता शॉक नाही, वरचा विशबोनही (चाक गाडीला जोडून धरणारा आडवा हात) तोच. त्याचे दांडे चाकाचा वरचा भाग धरून ठेवतात. दांडे ज्यावर फिरतात त्या शाफ्टची बैठक झिजली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, स्वतःच्या मर्जीने बदलतो, मग तेल अडवणारा आतला व्हॉल्व्ह कितीही कडक करा, गाडी रेष धरणार नाही. तपासायचं असं: जॅक खालच्या स्प्रिंगच्या ताटलीखाली लावा, चाक उचला. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाक वरून-खालून धरून आत-बाहेर हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर ती बेअरिंगची. नाही गेली तर चाकाचे सांधे (ट्रुनियन, किंगपिन) नाहीतर शॉकचा शाफ्ट. तिसऱ्या माणसाने शाफ्ट जिथे शॉकच्या बॉडीत शिरतो तिथे बोट टेकवायचं, बोटाला लगेच कळतं.

मागे पाटे (एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने पाट्यांच्या मधे गंज धरतो, मग पाटे एकमेकांवर सरकण्याऐवजी अडकतात आणि झटक्याने सुटतात. वळणातली तुमची उडी निम्मी तिथलीच असेल असं मला वाटतं. पाटे सोडून, वायर ब्रशने घासून, ग्रीस लावून, शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला टांगणाऱ्या कडीचे) रबर बुश नवे घालून बघा. शॉकच्या मानाने हा खर्च किरकोळ.

नाक खाली जाण्याचं म्हणाल, तर नाक *किती* जाईल हे स्प्रिंग ठरवते. किती *झपकन* जाईल, ते शॉक ठरवतो. लांब वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की शॉकचं काम संपलं, तिथे स्प्रिंग आणि अँटी-रोल बारचं (गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याचं) राज्य. बरेच लोक बारचं काम शॉककडून करवून घ्यायला जातात आणि चारही कोपऱ्यांत लाकूड बसवून घेतात.

डुलण्याचं कारण मात्र शॉकच. लिव्हर शॉकमध्ये तेल थोडं, पिस्टनची चाल आखूड, त्यामुळे दाब फार. तेल तापून पातळ झालं की धरणं सुटतं. टेलिस्कोपिकमध्ये चाल लांब आणि तेल जास्त, म्हणून तो उशिरा थकतो.

माझं मत: पुढे लिव्हरच ठेवा, पण बैठकीसकट नीट रिकंडिशन करून, कडक व्हॉल्व्ह घालून. मागे टेलिस्कोपिक घाला, ॲडजस्ट होणारे. मागचं किट जुन्या शॉकच्याच भोकांवर बोल्टने बसतं, काही कापावं-जोडावं लागत नाही. पुढचं किट महाग, आणि त्यात वरच्या विशबोनचीही सोय करावी लागते. त्या पैशात बाकीचं सगळं होऊन ट्रॅकच्या फीलाही उरतील.

पाटा_पाना:
वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत. एक मोठा ‘पण’ आहे. शर्यतीत उतरायचं असेल तर आयोजकांची नियमपुस्तिका आधी मागवा. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ऍपेंडिक्स के (जुन्या गाड्यांचे नियम) प्रमाणे चालणारी शर्यत असेल तर गाडी तिच्या काळात होती तशी लागते, आणि तपासणीला येणारा माणूस मागे वाकून टेलिस्कोपिकचं ब्रॅकेट बघतोच. काढलेले लिव्हर भंगारात देऊ नका, तेल भरून उभे ठेवा.

कंपनीबद्दल. जुन्या पद्धतीचे कोनी काढून, पूर्ण दाबून, आतली खाच लागली की फिरवून कडक करायचे असतात. त्यात फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक सुटतानाचा कडकपणा, बदलतो. स्पॅक्स किंवा गॅझ कंपनीच्या शॉकला बाहेरून स्क्रू किंवा नॉब असतो, गाडीवरच बदलता येतं. ट्रॅकवर दोन फेऱ्यांच्या मधे बदल करून बघायचे तर हेच सोयीचं, आणि शिकणाऱ्याला तर नक्कीच. बिल्स्टाइनचे गॅसचे मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक उष्णतेला सगळ्यात चांगले, पण गॅसचा दाब दांड्याला बाहेर ढकलतो. ११ मिलिमीटरचा दांडा आणि २५ बारचा दाब धरला तर प्रत्येक शॉकमागे साधारण २४ किलोचा जोर. हलक्या गाडीची मागची उंची त्याने थोडी वाढते, ती धरून चाला.

स्प्रिंग बदलणार नसाल तर फार कडक शॉक घेऊच नका. स्प्रिंग ४० टक्के कडक केली तरी शॉक साधारण १८ टक्केच वाढवावा लागतो, वर्गमुळाचा हिशेब आहे. जास्त कडक केलात तर उंचवट्यावर चाक खाली यायला वेळ लावतं, तेवढा वेळ टायर हवेत. म्हणजे आजची तक्रारच पैसे देऊन विकत घेतलीत.

डांबरकिडा:
बरं, कोनी मागे घेतो 😄 पण तेल जाड घातलं तर? स्वस्तात मस्त.

मांडवीपार:
रस्त्यावर फिरायला चालेल. फोर्क ऑइल २० नंबरचं बरेच जण घालतात. पण जाड तेलाने दाबताना आणि सुटताना दोन्हीकडे कडक होतं, आणि तापल्यावर तेही पातळ होतंच. इंजिन ऑइल अजिबात नको.

प्लग उघडण्याआधी वरची लाल धूळ कापडाने आणि हवेने स्वच्छ करा. एक कण आत गेला की व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो. तेल भरताना दांडा सावकाश पूर्ण वर-खाली करत हवा काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

खाजनकाठ:
मंडळी, तपासलं. पुढे डावीकडे ब्रेक दाबूनही खडखड राहते आणि बोटाला शाफ्टवरच लागते. उजवी बाजू ठीक. पाट्यांच्या मधे तर गंजाचे पापुद्रेच निघाले. म्हापशातला आमचा मेस्त (मेकॅनिक) म्हणतो, शॉक उतरवून आण, लेथवर बोअर करून बुश घालून देतो. उतरवू का?

पाटा_पाना:
उतरवा, पण जपून! पुढची स्प्रिंग दाबलेली असते आणि वरून तिला अडवून धरणारा हाच शॉक. खालच्या ताटलीखाली जॅक टेकवून थोडा भार घ्या, खाली स्टँडही लावा, मगच वरचे चार बोल्ट. ताटलीखालचा जॅक काम संपेपर्यंत हलवायचा नाही.

मेस्तला सांगा की नुसता बुश पुरणार नाही, बाहेरच्या तोंडाला लिप सीलची (तेल अडवणाऱ्या रबरी कडीची) जागाही काढ, नाहीतर महिन्याभरात तेल गळेल. आणि दोन्ही बाजूंचे शॉक एकदमच करा. एक नवा, एक जुना असा ठेवलात तर गाडी डाव्या वळणाला एक आणि उजव्याला दुसरी.

मांडवीपार:
मागचे टेलिस्कोपिक आले की बसवण्याआधी उभे धरून काही वेळा पूर्ण दाबून सोडा, आडवे पडून आलेल्या ट्विन-ट्यूबमध्ये (दोन नळ्यांच्या शॉकमध्ये) हवा शिरलेली असते. गाडी चाकांवर उभी असताना दांडा दोन्हीकडे किती शिल्लक राहतो ते मोजा. दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधून ठेवा, फेरी मारून आलात की चाल कुठवर गेली ते तीच सांगेल. टाय तळाला टेकलेली दिसली तर शॉक कडक करत बसू नका, बंप रबर (चाल संपताना धक्का झेलणारा रबरी ठोकळा) बघा.

सुरुवात सगळ्यात मऊ सेटिंगपासून. दर वेळी थोडंच वाढवा, फक्त मागे, आणि टायरच्या हवेसकट वहीत लिहा. गाडी उंचवट्यावर टणटणायला लागली की एक पायरी मागे. आणि हे चोर्ला घाटात करू नका, तिथे समोरून ट्रक येतात.

खाजनकाठ:
देव बरें करूं. दोन्ही पुढचे शॉक सोमवारी मेस्तकडे जातील. मागच्या किटसाठी स्पॅक्स आणि गॅझ दोघांनाही मेल टाकला आहे. कोणाकडे मागच्या पाट्यांचे जुने पण सरळ सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारे) असतील तर सांगा, माझा एक सोडताना तुटला.