मदत हवी आहे: सुई न बसणारी औषधाची सिरिंज पुण्यात कुठे मिळेल?

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या ठोक दुकानांत 5 मिलीची, 0.2 मिलीच्या खुणा असलेली, तोंडाने औषध पाजायची सिरिंज सुटी मिळते का? बाटलीच्या तोंडात बसणारं भोकाचं बूचही हवंय. टोपीच्या मापात घट्ट औषध कडेला चिकटून राहतं. घरातला चमचा तर नकोच.

डॉक्टरांनी पॅरासिटामॉल 120 मिग्रॅ लिहिलं, तर 5 मिलीत 120 मिग्रॅ असलेलं सिरप 5 मिली, 250 वालं 2.4 मिली आणि 1 मिलीत 100 मिग्रॅ असलेले ड्रॉप्स फक्त 1.2 मिली. बाटली बदलली की माप बदलतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

शिवाय बाटली हलवल्यावर फेस येतो, सिरिंजमध्ये बुडबुडा शिरतो, डोस कमी भरतो. फेस बसेपर्यंत थांबता, की बाटली उलटी धरून दट्ट्या दोनदा मागेपुढे करता?