ग्रुप प्रोजेक्टची लीडर झाले आणि सगळं मीच करतेय, काय करू?

वैतागलेली_लीडर:
आम्ही पाच जण, सेन्सर आणि ॲपवाला प्रोजेक्ट, सबमिशनला तीन आठवडे. लीडर मी का, तर पहिल्या मीटिंगला मी एकटीच वेळेवर पोचले होते (खरंच). ग्रुपवर विचारते "रिपोर्टचं कोण बघतंय?" तर तीन अंगठे येतात आणि काम शून्य. एकाने लिटरेचर सर्व्हे (आधीच्या संशोधनाचा आढावा) पाठवला तोही कुठूनतरी उचललेला, मधे निळ्या लिंका तशाच, शेवटी रात्री बसून मीच परत लिहिला आणि त्याला वाटतंय त्याचं काम झालं. सगळे मित्रच, ओरडणार कोणाला? दुसऱ्या ग्रुपमधले दोघं रिकामे आहेत, त्यांना घेऊ का? की सरळ सरांना सांगू?

जुना_कोडर:
दोघांना अजिबात घेऊ नकोस. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात 10, सात झाले की 21, आणि निरोप पोचवायची हमाली तुझ्याकडेच. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 लाच लिहून ठेवलंय की लांबलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो अजून लांबतो, नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात ना.
आणि "कोण बघतंय" असं विचारूच नको गं. नाव घेऊन टाक, "सेन्सरच्या रीडिंगचा तक्ता, गुरुवारी रात्री 9 पर्यंत, तू". अंगठा आला तर विचार, गुरुवार नक्की ना?

सायकोवाली:
+1. यावर 1979 मध्ये बिब लाटाने नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भारी प्रयोग केलाय. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, आणि जोरात ओरडा म्हणून सांगितलं. आपल्यासोबत अजून पाच जण ओरडतायत असं वाटलं की प्रत्येकाचा आवाज कमी व्हायचा, खरं तर तेव्हा तो एकटाच ओरडत असायचा! पुढे असंही दिसलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर ही ढिलाई जाते. म्हणून रिपोर्ट एकाच शेअर्ड डॉकमध्ये लिहा, हिस्टरीत कोणी कधी काय लिहिलं ते आपोआप दिसतं, तुला चुगली करावी लागत नाही.

बॅकबेंचर_निवृत्त:
मी थोडं वेगळं बोलतो कारण मी तो निळ्या लिंकांवाला मुलगा होतो. आळस कमी, लिटरेचर सर्व्हे म्हणजे नक्की काय करायचं तेच माहीत नव्हतं आणि विचारायची लाज. आमच्या लीडरने पण सगळं स्वतः लिहिलं, मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलने मलाच विचारलं हा ग्राफ काय सांगतो, मी गप्प, मार्क सगळ्यांचे गेले, तिचेही. त्यामुळे तू लिहिलेलं बाजूला ठेव, त्याचंच त्याला परत दे, सोबत एक पेपर वाचून तुझा एक पॅरा नमुना म्हणून. सरांना सांगायचं तर आत्ता सांग, शेवटच्या आठवड्यात सांगितलं की ते रडगाणं वाटतं.

वैतागलेली_लीडर:
अपडेट. नावं टाकून कामं वाटली. एकाने पर्सनलवर मेसेज केला की मला कोडिंग येतच नाही, टेस्टिंग देतेस का. आधी बोलला असता तर!! तक्ता गुरुवारच्या ऐवजी शुक्रवारी आला पण आला. सर्व्हे त्याला परत दिला, आज नवीन पाठवलाय, अर्धा खरंच त्याने लिहिलाय. निळ्या लिंका अजून दोन आहेत.