टाटलिनचा मनोरा: अडचण फक्त पोलादाची नव्हती

रशियन कलाकार व्लादिमीर टाटलिनने पेट्रोग्राडसाठी (आजचं सेंट पीटर्सबर्ग) आखलेला मनोरा (१९१९–२०), म्हणजे तिसऱ्या इंटरनॅशनल या जागतिक कम्युनिस्ट संघटनेचं स्मारक, पोलादाच्या टंचाईमुळे उभा राहिला नाही असं म्हणतात; पण हे अर्धंच खरं आहे. ३०० मीटरच्या आयफेलचे चार पाय सममित असून वाऱ्याचा जोर चौघांत वाटला जातो. इथे ४०० मीटरचा दुहेरी सर्पिल सांगाडा, तोही कललेला. म्हणजे वारा नसतानाही एका बाजूच्या पायावर प्रचंड दाब आणि दुसरीकडे उपसणारा ताण, खाली नेवा नदीच्या मुखाजवळची दलदलीची जमीन!

खरी मेख सांगाड्याच्या आत बसवायच्या, काचेच्या फिरत्या दालनांत होती. विधिमंडळाचा घन वर्षात एक फेरा घेणार, कार्यकारिणीचा पिरॅमिड महिन्यात, माहिती केंद्राचा दंडगोल दिवसात. इतक्या संथ गतीला मोटर मोठी लागत नाही. पण वाऱ्याने किंवा उन्हाने सांगाडा किंचित वाकला, तरी दालन पेलणारं कडं वाकडं होऊन बेअरिंग अडकणार. शिवाय पाणी, वीज, सांडपाणी, जिने हे सगळं स्थिर भागातून फिरत्या भागात न्यायचं कसं? काचेच्या भिंती दुहेरी, मध्ये निर्वात पोकळी, थर्मॉससारख्या. पोकळीत हवा नसल्याने एवढ्या मोठ्या सपाट काचेवर बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन पडतो.

तरीही सत्ता काचेआड सर्वांना दिसावी आणि सतत हलती राहावी, ही कल्पना मला आजही थोर वाटते.