पोरगी रात्री साडेबाराशिवाय झोपत नाही, दुपारची झोप बंद करू का?

पिल्लूची आई, जुळे सोलापूर

नमस्कार, जरा लांबड लागणार आहे पण प्लीज वाचा. मुलगी साडेतीन वर्षांची आणि मुलगा नऊ महिन्यांचा. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि ही दोन. मिस्टरांचं नवी पेठेत कपड्याचं दुकान आहे, सकाळी दहाला जातात ते रात्री शटर ओढून हिशोब करून घरी यायला सव्वादहा होतातच, लग्नसराईत अकरा.

तर सध्या बाहेर ४२-४३ चाललंय, दुपारी पोरांना दारात सुद्धा सोडता येत नाही. दीडच्या सुमाराला जेवणं झाली की सासूबाई पडदे ओढून कूलर लावून दोघांना घेऊन पडतात. बाळ तास दीड तासात उठतं पण ही बाईसाहेब दोनला झोपली की साडेपाच कधी सहा. मधे उठवलं तर अर्धा तास रडारड, मग सासूबाई म्हणतात झोपलेल्या लेकराला उठवू नये, झोपेत वाढतं ते. मग रात्री दहाला मी कशीबशी अंथरुणावर आणते आणि तेवढ्यात खाली गाडीचा आवाज. तो आवाज तिला बरोब्बर कळतो हां, गल्लीत पन्नास गाड्या असल्या तरी. पप्पा आले की घोडा घोडा, मग पप्पांच्या ताटात जेवण, मग पप्पांच्या मोबाईलवर काहीतरी, त्या गोंधळात बाळ उठतं, आणि सगळं शांत व्हायला साडेबारा. सकाळी नऊ. आणि पाणी येणार असतं त्या रात्रीचं तर विचारूच नका, चार-पाच दिवसांनी येतं ते पण कधी रात्री दोनला, मोटर, पाईप, बॅरल, सगळं घर जागं.

आत्तापर्यंत चाललं पण जूनच्या मध्यात हिची बालवाडी सुरू होणार, आठची वेळ आहे, रिक्षा साडेसातला येणार. म्हणजे साडेसहाला उठवायचं. कसं होणार ते कळत नाही.

दुपारची झोप सरळ बंद करू का? आणि मिस्टरांना काय सांगू, त्यांना दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो. शेजारच्या एक काकू म्हणाल्या सर्दीचं औषध अर्धा चमचा दे, छान झोपेल, त्यांच्या नातवाला देतात. मी दिलेलं नाही पण विचारून ठेवते.

खडखडाट

वहिनी आमच्याकडं उलटं आहे बघा. आमचं घर साखर पेठेत, खाली लूम म्हणजे यंत्रमाग, वर आम्ही. आमचं पोरगं लूमच्या आवाजात जन्मल्यापासनं झोपतंय, दिवसरात्र खडखड चालू असली की डाराडूर, लाईट गेली आणि लूम बंद पडले की टक्कन डोळे उघडतंय. सासुरवाडीला अक्कलकोटला नेलं तर तितं रात्री एवढं सामसूम, पोरगं छताकडं बघत पडलंय, शेवटी मिक्सर लावायची पाळी आली राव.

सल्ला काय द्यायला मी मोठा नाही पण मोबाईल तेवढा रात्री बंद करा. आमच्यात तेच बंद केलं तर निम्मं काम झालं. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेतंय, घेऊ द्या की.

सिस्टर ताई

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आधी औषधाचं सांगते कारण ते महत्त्वाचं. सर्दीचं सिरप झोपेसाठी अजिबात देऊ नका, अर्धा चमचा पण नाही आणि पाव चमचा पण नाही. त्यातल्या काही औषधांनी झोप येते ती साईड इफेक्ट म्हणून येते, आणि एवढ्या लहान पोरांमध्ये श्वास मंदावणं, ठोके वाढणं, काही पोरांना तर झोप सोडा उलटी चळवळ सुरू होते. नऊ महिन्यांचं बाळ घरात आहे म्हणून जास्तच सांगते, उद्या कोणीतरी म्हणेल त्याला पण दोन थेंब द्या. काकूंना पण सांगा, नातवाला देत असतील तर डॉक्टरांना विचारायला लावा.

आता झोपेचं. ताई तुम्ही जरा बेरीज करून बघा. रात्री साडेबारा ते नऊ म्हणजे साडेआठ तास, दुपारी साडेतीन-चार. झाले बारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप, दुपारची धरून. म्हणजे तुमची मुलगी कमी झोपत नाहीये, व्यवस्थित झोपते, फक्त चुकीच्या वेळेला झोपते. तुम्हाला तिची झोप वाढवायची नाही की कमी करायची नाही, सरकवायची आहे.

आणि ती सरकते सकाळकडून. रात्री दहाला अंधार करून थोपटत बसलात तरी काही होणार नाही, संध्याकाळी सहाला उठलेलं पोर दहाला का झोपेल, तुम्ही तरी झोपाल का? सकाळी नऊचं साडेआठ, दोन-तीन दिवसांनी आठ असं मागे आणा आणि उठली की लगेच गच्चीत किंवा दारात उजेडात न्या. डोळ्यावर सकाळचा उजेड पडला की शरीराचं घड्याळ त्याप्रमाणे लागतं. सोलापुरात मे महिन्यात सहाच्या आधी उजाडतं आणि साडेआठनंतर ऊन चटकायला लागतं, तेव्हा वेळ तेवढीच आहे.

दुपारची झोप एकदम बंद नको. तीन ते पाच वर्षांच्या मधे बरीचशी मुलं ती आपोआप सोडतात, कोणी लवकर कोणी उशिरा. तुमची तयार नसेल तर संध्याकाळी सातला ताटावर पेंगेल आणि आठला झोपून दहाला पप्पांच्या गाडीला ताजीतवानी उठेल, ते तर आणखी वाईट. तासाभराची ठेवा, आणि साडेतीनच्या पुढे नको.

आजी साखरपेठ

सगळ्यांनी सासूबाईंवर आणलंय तर मी त्यांच्या बाजूनं बोलते. दुपारी दोन लेकरं घेऊन पडते ती बाई, म्हणून तुझी भांडी होतात, कपडे होतात, घडीभर पाठ टेकते. तिला कोणी विचारलं का तिची झोप होते का? रात्री पाणी भरायला पण तीच उठत असणार.

आमच्या वेळेला गिरण्या चालू होत्या, सगळं घर भोंग्यावर चालायचं. सासरे पहिल्या पाळीला असले की घर चारला उठायचं, लेकरं पण उठायची, कोण झोपवतंय. रात्री आठला लेकरं आपोआप आडवी. रातपाळी आली की दिवसा सगळ्यांनी हळू बोलायचं. ही सिस्टर जे शरीराचं घड्याळ म्हणते ते आमच्याकडं भोंगाच होतं. आणि औषधाचं ती बरोबर बोलली, तिकडं मुंबईला गिरणीत जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जायच्या, झोपायची लेकरं, काही उठायची पण नाहीत. नाव काढू नये.

दुसरं म्हणजे स्लॅबचं घर आहे ना? मग रात्री दहाला लेकरू झोपणार कसं, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. आमचं धाब्याचं घर होतं, माळवदावर हातभर माती, आत गारवा. आता ते राहिलं नाही. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारावं म्हणलं तर पाणी पाच दिवसांनी. म्हणून झोपायच्या आधी लेकराला कोमट पाण्यानं अंग पुसून काढ, एकदम गार पाणी नको, सुती झबलं घाल, आणि खिडकीसमोर टाक. पोटात जड नको, आठच्या आत भाकरी दूध कुस्करून दे. पप्पाच्या ताटातलं सव्वादहाचं जेवण बंद.

दुकानवाला बाप

इथं सगळ्या बायकाच बोलायल्यात म्हणून एक बाप बोलतो. मी पण पेठेतच आहे. रात्री दहाला येऊन पोरगी झोपलेली बघायची, सकाळी जाताना पण झोपलेली, रविवारी दुकान निम्मा दिवस. असं काही महिने केलं की पोरगी ओळखत नाही हो, परक्यासारखं बघते, आमच्या थोरल्याच्या वेळेला बघितलंय मी. तेव्हा वहिनी मिस्टरांना व्हिलन करू नका.

पण माझं म्हणणं आहे की सकाळचा वेळ त्यांनी घ्यावा. दुकान दहाला, म्हणजे सात ते नऊ माणूस मोकळा आहे, झोपतो म्हणून नाही असं वाटतं. आता आमच्या धाकटीला मीच उठवतो, मीच घासून पुसून गाडीवर पुढं बसवून एक चक्कर, येताना दूध. बायको तेवढा वेळ झोपते आणि ते तिला सोन्याचा हार दिल्यापेक्षा जास्त आवडतं हे मी खात्रीनं सांगतो. रात्री मी गाडी गल्लीच्या तोंडालाच बंद करून ढकलत आणतो. हसा, पण उपयोग होतो.

पिल्लूची आई, जुळे सोलापूर

बाप रे एवढे रिप्लाय. सिस्टर ताई ती बेरीज मी कधी केलीच नव्हती, मला वाटत होतं पोरगी झोपतच नाही. औषध नाही म्हणजे नाही. आजी, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या या बाईंना चहाला बोलव.

पण एक प्रश्न राहतोच, दुपारी तासाभरात उठवायचं कसं? हाक मारली, हलवलं तर ती इतकी चिडते की बाळ पण उठून रडायला लागतं. आणि दुसरं, बालवाडीची आठची वेळ एवढ्या लहान पोरांना बरोबर आहे का?

होटगी रोडवाली

उठवू नकाच, झोप उडवा. माझी जुळी आहेत त्यामुळे दुप्पट अनुभव. एक तास झाला की कूलर बंद करते, फक्त पंखा. दहा मिनिटांनी पडदा अर्धा सारते. मग बाळाला उचलून बाहेर आणते आणि किचनमध्ये नेहमीसारखा आवाज करते, डबे, ताटं, खलबत्त्यात दाण्याची चटणी कुटायला घेते. पोरगी स्वतःच डोळे चोळत येते. उठल्या उठल्या बोलायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, समोर कलिंगडाची फोड किंवा ताक ठेवायचं आणि आपलं काम करत राहायचं. चिडचिड कधी कधी तहानेनं पण असते, कूलरच्या वाऱ्यात घाम कळत नाही पण पाणी जातंच. बाळाला पण मधे मधे दोन-चार घोट पाणी द्या, सहा महिन्यांच्या पुढं आहे ना तर चालतं.

कूलरचा विषय निघालाय तर सांगते, लोखंडी असेल तर अर्थिंग तपासून घ्या, रांगणारं बाळ पहिल्यांदा तिथंच हात लावतं. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कोरडी करा, डेंग्यूचे डास असल्याच साठलेल्या पाण्यात होतात. आणि आपण सोलापूरकर पाणी साठवतो ते बॅरल, टब, हौद सगळ्याला घट्ट झाकण, हौदाला कुलूप. नऊ महिन्यांचं बाळ महिन्या दोन महिन्यांत धरून उभं राहील, आणि बुडायला बादलीभर पाणी पुरतं. हे झोपेच्या प्रश्नात बसत नाही पण रात्री दोनला अर्धवट झोपेत पाणी भरून झाकण उघडं राहतं ते आपलंच.

शाळेचं म्हणाल तर २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने काढलंय की पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे, मुलांची झोप होत नाही हेच कारण दिलेलं. ज्या शाळांना अडचण आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची अशी सोय ठेवली होती. तुमच्या बालवाडीत पालकांची मिटिंग होईल तेव्हा विचारा, एकटीने नाही, चार-पाच आयांनी मिळून विचारा. एकटीला म्हणतात रिक्षावाल्यांचं जमत नाही.

खडखडाट

शाळावाले ऐकणार नाहीत वहिनी, पण विचारा. आमच्यात विचारलं तर म्हणले बिल्डिंग दोन शिफ्टमधी चालते, नऊला करायची तर दुपारची पोरं कुठं बसवू. ते पण खरंय.

पिल्लूची आई, जुळे सोलापूर

मिस्टरांना दुकानवाल्या दादांचं पोस्ट दाखवलं. आधी म्हणाले हा कोण रिकामटेकडा, मग म्हणाले बघू. काल सकाळी साडेसातला हिला घेऊन कंबर तलावाकडं गेले, येताना दोघं इडली खाऊन आले, माझ्यासाठी आणली नाही ती नाही. दुपारी सासूबाईंनी स्वतःच साडेतीनला कूलर बंद केला. चिडली, पण दहा मिनिटं. रात्री अकराला झोपली. दहा नाही, पण अकरा.

मिस्टरांचा मोबाईल आता चार्जिंगला सासूबाईंच्या खोलीत राहणार असं ठरलंय, तो नियम किती टिकतो माहीत नाही कारण मोडणारे तेच पहिले असणार. गाडी ढकलत आणायला मात्र साफ नकार, गल्लीतली माणसं हसतील म्हणे.

आता पाणी येण्याच्या रात्री काय करता तुम्ही सगळे? आज उद्यात येईल आमच्याकडं.

दुकानवाला बाप

पोरांची खोली मोटरपासून लांबची निवडा, दार लावा, त्या खोलीत पंखा फुल. पाईप बॅरलला संध्याकाळीच जोडून ठेवा म्हणजे भांड्यांचा आवाज नाही. आणि उठायचं कोणी ते पाळी लावून ठरवा, एका रात्री तुम्ही, एका रात्री मिस्टर. आजी बरोबर बोलल्यात, सासूबाईंना त्या यादीतनं काढा.

सिस्टर ताई

आणि पाण्याच्या रात्री ती उठलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेलाच उठवा, भरपाई म्हणून नऊपर्यंत झोपू देऊ नका. दुपारी अर्धा तास जास्त द्या, चालेल. जूनला अजून वेळ आहे, रोज थोडं थोडं सरकवा. बाळाचा भाऊबंदकीचा प्रश्न पुढच्या वर्षी येतोच आहे, तेव्हा नवीन धागा काढा.