मदत हवी आहे: आईची मेथोट्रेक्सेट चालू असताना लघवीच्या इन्फेक्शनची गोळी, आणि आता तोंड आलंय

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची आहे. रुमॅटॉइड संधिवातासाठी बरीच वर्षं मेथोट्रेक्सेट घेते. दर रविवारी १५ मिलिग्रॅम आणि बुधवारी फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. औषध तिला मानवलंय, बोटांची सूज आटोक्यात आहे.

मागच्या आठवड्यात ताप आला, लघवीला जळजळ होत होती. जवळच्या डॉक्टरांनी को-ट्रायमोक्साझोल दिलं, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. जळजळ थांबली. पण परवापासून तोंड आलंय. नेहमीसारखा एखादा फोड नाही, गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, सगळीकडे. पाणीसुद्धा झोंबतं. दंडावर आणि पोटरीवर निळसर डाग दिसतात, कुठे आपटल्याचं तिला आठवत नाही. गेलेला ताप काल रात्री परत आला, १००.६.

तिच्या मते उष्णता झालीय. मला ते पटत नाही. संधिवाताचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, फोन लागत नाही. उद्या रविवार. मेथोट्रेक्सेट द्यावी का? आणि अँटिबायोटिक अर्धवट सोडलं तर इन्फेक्शन उलटणार नाही ना? रक्ताचा शेवटचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) थोडं वाढून १.३, ते सोडलं तर सगळं ठीक होतं.

— काठावरची

पानगळ: माझ्याही आईला असंच व्हायचं. बी-कॉम्प्लेक्स आणि ग्लिसरीन लावा, चार दिवसांत बरं वाटेल.

गोळीबंद: पानगळ, राग मानू नका, पण इथे ग्लिसरीन लावून वाट बघणं धोक्याचं आहे.

काठावरची, मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तरी ठामपणे सांगते: उद्याची मेथोट्रेक्सेट देऊ नका, को-ट्रायमोक्साझोलची पुढची गोळीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको, आणि आजच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ओपीडीची वाट बघू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या आजच्या आज व्हायला हव्यात.

कारण सांगते. शरीराला नव्या पेशी बनवायला फोलेट (एक बी व्हिटॅमिन, फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) लागतं. मेथोट्रेक्सेट नेमका तोच मार्ग अडवते. को-ट्रायमोक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिमही त्याच मार्गावर काम करतं. शिवाय मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडते ती मुख्यतः किडनीतून, आणि या अँटिबायोटिकमुळे तिचा निचरा मंदावू शकतो. म्हणजे औषध साठतं आणि मारा दुहेरी होतो. ज्या पेशी भराभर बदलतात त्यांना सगळ्यात आधी झळ लागते: तोंडातलं अस्तर आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्तपेशी बनतात ती जागा. तोंड येणं ही बाहेरून दिसणारी खूण. आत पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर ताप येतो, प्लेटलेट घटल्या तर असे डाग. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

इन्फेक्शनची काळजी रास्त आहे, पण अँटिबायोटिक बंद करायचं नाही, बदलायचंय. दुसरे पर्याय असतात.

आणि एक आठवडा मेथोट्रेक्सेट चुकल्याने सांधे लगेच पेटत नाहीत. तिचा परिणाम हळूहळू येतो आणि हळूहळूच ओसरतो.

दुपारची: जाताना सगळी पाकिटं सोबत न्या, नुसतं प्रिस्क्रिप्शन नको. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. नवीन पाकिटात ताकद बदलली असेल आणि आई जुन्याच हिशोबाने मोजत असेल तर? आठवड्याची गोळी रोज घेतली गेल्याचे प्रकारही होतात, आणि ते जिवावर बेततात. किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजून बघा. मध्ये दुखण्यासाठी आयब्युप्रोफेनसारखं काही घेतलं होतं का तेही सांगा. किडनी थोडी नाजूक आहे, वर ताप, पाणी कमी पोटात गेलेलं, अशा वेळी ती पेनकिलर औषधाचा निचरा आणखी मंदावते. आणि श्वास लागत असेल किंवा कोरडा खोकला असेल तर तो पहिल्या वाक्यात सांगा, शेवटी नको. मेथोट्रेक्सेट क्वचित फुप्फुसालाही धरते.

काठावरची: सगळ्यांचे आभार. संध्याकाळीच नेलं. पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ७८ हजार, क्रिएटिनिन १.७. ॲडमिट करून घेतलंय. पाकिटातल्या गोळ्यांचा हिशोब बरोबर निघाला, पेनकिलरही नव्हती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी दोन्ही नावं ऐकताच मान हलवली. दुसरं अँटिबायोटिक शिरेतून चालू केलंय, लघवी कल्चरला गेलीय, आणि फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं देताहेत. फॉलिक ॲसिड तर ती घेतच होती ना? मग हे वेगळं कशाला?

गोळीबंद: बरं झालं गेलात. फॉलिक ॲसिड कामाला येण्यासाठी एका एन्झाइममधून जावं लागतं, आणि मेथोट्रेक्सेटने तेच अडवलेलं असतं. फोलिनिक त्या अडथळ्याच्या पलीकडे उतरतं, म्हणून अशा वेळी तेच देतात. आकडे सावरायला वेळ लागेल, सीबीसी पुन्हा पुन्हा होईल, घाबरू नका. सुटी मिळाली तरी मेथोट्रेक्सेट आपली आपण सुरू करू नका. कधी आणि किती, हे संधिवाताचे डॉक्टर नवं क्रिएटिनिन बघूनच ठरवू देत. आणि डिस्चार्ज कार्डावर 'को-ट्रायमोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम देऊ नये' असं ठळक लिहून मागा.