खोडरबर आठवडाभर बंद ठेवा

नववीच्या मुलांना फोटोशॉपच शिकवायला हवं का, असं एकाने विचारलंय. परवान्याचे पैसे नसतील तर गिंप (फोटोंसाठी) आणि इंकस्केप (रेखाचित्रांसाठी) ही सॉफ्टवेअर शाळेपुरती भरपूर झाली, दोन्ही फुकट आहेत. (मी स्वतः चोरीच्या सीडीवर शिकलो, तेव्हा उपदेश करत नाही.)

खरी अडचण वेगळीच. मुलं व्हॉट्सॅपवर आलेला फोटो उचलतात, स्नेहसंमेलनाच्या पोस्टरवर ताणतात आणि चौकोनी ठिपके दिसले की संगणकाला नावं ठेवतात. म्हणून पहिल्या तासाला नुसतं गणित. ए-फोर कागद ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापायचा तर चित्रात साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल (म्हणजे ठिपके) लागतात. त्रैराशिक येतं त्यांना, लगेच उमगतं. मग लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग न खोडता झाकणारा पडदा). सॉफ्टवेअरमधला खोडरबर आठवडाभर बंद! मास्कखाली झाकलेलं परत आणता येतं, खोडलेला भाग फाईल सेव्ह करून बंद केली की गेलाच.

देवनागरीकडे मात्र कुणी बघत नाही. ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा ‘मुक्ता’ फॉन्ट मोफत मिळतो, तो द्या. इंग्रजी शीर्षकासारखं अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, आणि ओळी जवळ आणल्या तर खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या उकारांत घुसतात. आमच्याकडच्या निम्म्या फ्लेक्सवर हेच दिसतं.