मदत हवी आहे: बाबांना अंबाझरीच्या जंगलात न्यायचंय

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. येत्या रविवारी सकाळी त्यांना नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात न्यायचा विचार आहे. शेजारच्या अंबाझरी तलावावर ते लहानपणापासून जातात (तलाव १८७० च्या सुमाराचा, हे दरवेळी ऐकावं लागतं), पण मागचं जंगल कधी पाहिलं नाही.

मी एकदा एकटा जाऊन आलो. छातीएवढं वाळलं गवत, मधे बोरी-बाभळी. घरी आल्यावर मोज्यातली कुसळं काढण्यात अर्धा तास गेला. पाण्याची बाटली गाडीतच राहिली होती, ते वेगळंच.

आता विचारायचं असं, की गेटपासून तलाव दिसेल तिथवर सपाट वाट किती आहे? बाबांना वीस मिनिटं चालवतं, मग कुठंतरी टेकायला लागतं. वाटेत बाकं आहेत का, की फोल्डिंगची खुर्ची घेऊन जाऊ? स्वच्छतागृह आतमधे आहे की फक्त गेटशी? आणि सकाळी किती वाजता आत सोडतात? ऊन चढायच्या आत परतायचंय.

गोरेवाडा सुचवू नका जी, बाबांना वाघ नको, बदकं पाहायची आहेत.